काचेच्या इमारतीतल्या बायका आणि आपण

(लासूर स्टेशन इथे झालेल्या महिला मेळाव्यातलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडं आवरून घेतलं आहे.)

मैत्रिणींनो,

मागच्या बैठकीला इथल्याच एका मावशींनी मला प्रश्न विचारला होता. त्यांची मुलगी छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्याच्या कंपनीत नोकरी लागेल असं दिसतंय. मावशी म्हणाल्या, "ताई, पोरीला पुण्याला धाडू का नको? कुणी म्हणतं लई चांगलं असतंय, कुणी म्हणतं वंगाळ असतंय. तुम्ही तिथं राहून आल्या, तुम्हीच सांगा." मला गाडी गाठायची होती. "धाडा की मावशी," एवढं म्हणून मी निघाले. रस्ताभर वाटत राहिलं, की हे उत्तर नव्हतं, सुटका होती. आज त्या पुढच्याच रांगेत बसल्या आहेत. तेव्हा आज नीट उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

मी काही कॉम्प्युटरमधली जाणकार नाही. मी एमएसडब्ल्यू केलेली, गावोगाव बैठका घेणारी कार्यकर्ती. पण माझी एक मैत्रीण प्रोग्रामर आहे. शिवना नदीच्या काठच्या एका गावातली. आम्ही दोघी बारावीला एकाच वसतिगृहात होतो. ती पुढे इंजिनिअर झाली आणि आज चौदा वर्षं पुण्यात नोकरी करते. परदेशातल्या बँकांचे व्यवहार ज्या आज्ञावलीवर चालतात, ती लिहिणं हे तिचं काम. बोलायला फटकळ. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती. परत जाताना गाडीला उशीर होता, म्हणून आम्ही इथल्याच फलाटावर दोन तास बसलो. त्या दोन तासांत तिने आपल्या क्षेत्राबद्दल जे सांगितलं, ते तिच्या परवानगीने तुमच्यासमोर ठेवते. नाव मात्र सांगायचं नाही, अशी तिची अट आहे. का, ते पुढे कळेलच.

पहिली गोष्ट ती म्हणाली ती हुशारीबद्दल. "आमच्याकडे म्हणतात, इथे जात नाही, बाई-पुरुष नाही, फक्त हुशारी बघतात. हे सगळ्यात मोठं खोटं आहे." मी म्हटलं, अगं, तू स्वतः हुशारीवरच तिथे पोचलीस ना? ती म्हणाली, "पोचले हुशारीवर. पण पहिल्याच आठवड्यात विचारलं, कुठलं कॉलेज, गाव कुठलं, घरी इंग्रजी बोलतात का. आणि लग्न झाल्यावर विचारलं, मूल कधी. माझ्या नवऱ्याला त्याच्या कंपनीत हे कुणी विचारलं नाही."

मी थोडं वाचून पाहिलं, तर तिचं म्हणणं जुनंच निघालं. अमेरिकेत 'एनिॲक' नावाचं एक अवाढव्य गणकयंत्र १९४६ साली जगासमोर आणलं गेलं. त्या यंत्राला गणित कसं करायचं हे शिकवणाऱ्या, म्हणजे जगातल्या पहिल्या प्रोग्रामरांपैकी, सहा बायका होत्या. का? कारण यंत्र बांधणं हे मोठं काम आणि ते पुरुषांचं. त्याला सूचना देणं हे कारकुनी काम, ते बायकांना दिलं. यंत्राच्या उद्घाटनानंतर मेजवानी झाली. तिचं आमंत्रण या बायकांना नव्हतं. पुढे जसजसा या कामाला मान आणि पैसा आला, तसतसं ते पुरुषांचं होत गेलं. आपल्या शेतातही हेच आहे. खुरपणी-वेचणी बाईची, ट्रॅक्टर आला की तो पुरुषाचा.

आपल्याकडची गोष्ट तर तुम्हाला माहीत असेल. १९७४ च्या सुमाराला टेल्को कंपनीची इंजिनिअरांसाठी जाहिरात निघाली, तिच्यात लिहिलं होतं की स्त्रियांनी अर्ज करू नये. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. तिला मुलाखतीला बोलावलं गेलं, नोकरी मिळाली. त्याच पुढे सुधा मूर्ती झाल्या. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली तेव्हा भांडवलाचे दहा हजार रुपये त्यांच्या बचतीतले होते. पण नवरा-बायको दोघं एका कंपनीत नकोत, असं पतीने ठरवलं आणि त्या बाहेर राहिल्या. हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे, आणि ते कौतुकाने सांगितलं जातं. माझी मैत्रीण म्हणते, "पैसा बाईचा चालला, बाई चालली नाही. यात कौतुक कसलं?"

दुसरी गोष्ट वेळेची. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती म्हणाले, की देशातल्या तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचं बोलणं बाहेर आलं. त्यांना ९० तास हवे होते, रविवारसुद्धा हवा होता. घरी बसून बायकोकडे किती वेळ बघत राहणार, असं त्यांनी विचारलं. यावर मैत्रीण म्हणाली, "जो माणूस आठवड्याला सत्तर तास ऑफिसात बसतो, त्याच्या घरी डबा, पोरं, म्हातारी माणसं बघायला दुसरं कुणीतरी सत्तर तास राबत असतं. या साहेबांच्या हिशेबात ती बाई धरलेलीच नाही. माझी अडचण अशी, की ऑफिसातली पण मीच आणि घरातली पण मीच."

तिच्या कामाचं घड्याळ अमेरिकेचं आहे. तिकडे सकाळ झाली की इकडे रात्रीचं जेवण टाकून फोनवर बसायचं. आणि सकाळी इकडचं ऑफिस आहेच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे आठवड्याला ४८ तासांच्या वर काम गेलं तर ते जादा काम, आणि त्याला दुप्पट दराने पैसे. मी हे तिला सांगितलं तर ती हसायला लागली. म्हणाली, "चौदा वर्षांत जादा कामाचा एक रुपया कुणी मागितलेला मी पाहिला नाही. मागायचा असतो हेच कुणाला माहीत नाही. आम्हाला शिकवलंय, की तुम्ही कामगार नाही, प्रोफेशनल आहात."

बायांनो, इथे मला थांबावंसं वाटतं. त्या कायद्यात कामगाराची जी व्याख्या आहे, तिच्यात तांत्रिक काम करणारा माणूस येतो. म्हणजे बहुतेक प्रोग्रामर त्यात येतात. पण ते स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतात. जुलै २०२५ मध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने १२ हजारांहून जास्त माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कितीतरी जणांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याला कुणाकडे जायचं हेच ठाऊक नाही. आज पुण्यात या कर्मचाऱ्यांसाठी बोलणाऱ्या संघटना आहेत, कामगार आयुक्तांकडे तक्रारी जातात. पण तिथे जाणाऱ्यांत बायका कमी दिसतात. जिची नोकरीच घरच्यांच्या परवानगीवर चालते, ती तक्रारीच्या कागदावर नाव घालायला दहा वेळा विचार करते.

तिसरी गोष्ट सुरक्षिततेची. मावशींच्या मनात खरी भीती ही आहे, हे मला माहीत आहे. आणि ती खोटी नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या एका कॉल सेंटरमधल्या मुलीवर, तिला न्यायला आलेल्या कंपनीच्या गाडीच्या ड्रायव्हरनेच साथीदारासह बलात्कार करून तिला मारलं. ऑक्टोबर २००९ मध्ये एका संगणक अभियंता बाईचं तसंच झालं, तिथेही एक आरोपी गाडीचा ड्रायव्हर होता. जानेवारी २०१७ मध्ये हिंजवडीत एका तरुण अभियंतीचा खून झाला, तोही रविवारी, ऑफिसच्या आत. पकडला गेला तो तिथलाच सुरक्षा रक्षक होता.

या घटनांनंतर काय झालं? गाड्यांवर नियम आले, ते चांगलंच झालं. रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि घरापर्यंत ने-आण करायची जबाबदारी मालकाची, असं २०१७ च्या कायद्याने सांगितलं. पण मैत्रीण म्हणते, "सुरक्षा म्हणजे आमच्यावर नजर ठेवणं एवढंच झालंय. मी किती वाजता आले, किती वाजता गेले, कुठल्या दारातून गेले, सगळं कॅमेऱ्यात आहे. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा साहेब माझ्याशी काय बोलतो, ते कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. गाडीतल्या ड्रायव्हरची चौकशी होते. साहेबाची कोण करणार?"

आणि चौथी गोष्ट तिने जी सांगितली, तिच्यामुळे मी आज इथे उभी आहे. ती म्हणाली, "आमच्या कंपनीत सारखं म्हणतात, आपण एक कुटुंब आहोत. आता तूच सांग, तू बायकांत काम करतेस. कुटुंबात तक्रार करणाऱ्या बाईचं काय होतं?"

मी म्हटलं, तिलाच समजावतात. घरातलं घरात ठेव म्हणतात.

"मग तेच होतं," ती म्हणाली.

मैत्रिणींनो, आता मी माझ्याबद्दल सांगते. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. तो कुठून आला हे आपण विसरू नये. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी. सरकारी कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करणाऱ्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट १९९७ मध्ये विशाखा निकाल लागला. सोळा वर्षांनी कायदा झाला. म्हणजे आज हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत जी तक्रार समिती आहे, ती एका खेड्यातल्या, कुंभार समाजातल्या, कष्टकरी बाईच्या लढ्याने आली आहे. तो कायदा कुणा कंपनीने दिलेला नाही.

या कायद्याने, जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे, कंपनीच्या प्रत्येक शाखेत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ बाई, निम्म्या तरी सदस्य बायका, आणि एक सदस्य बाहेरची. ही बाहेरची सदस्य स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाण असणारी असावी. का? तर कंपनीच्या दबावाखाली नसलेलं एक माणूस आत असावं म्हणून. म्हणजे आपल्यातलीच कुणीतरी. नियमात या सदस्येला दिवसाचे दोनशे रुपये आणि प्रवासखर्च सांगितला आहे. प्रत्यक्षात काही कंपन्या पुष्कळ जास्त देतात.

मी पुण्यात असताना एका कंपनीच्या अशा समितीवर बाहेरची सदस्य होते. ज्या प्रकरणात मी बसले, त्याबद्दल मी एक शब्दही सांगणार नाही. तो गुप्त ठेवायचा असतो आणि तो त्या बाईचा हक्क आहे. मी काय केलं, तेवढंच सांगते. आदल्या रात्री मला इंग्रजीतले चाळीस-पन्नास कागद आले. मी ते बसमध्ये चाळले. थंडगार खोलीत बैठक झाली, सगळे माझ्याशी अतिशय आदराने बोलले, मॅडम मॅडम म्हणाले. तास-सव्वा तासाने एक तयार कागद पुढे आला. मी सही केली. चहा घेतला. मानधनाचं पाकीट घेतलं. आमच्या संस्थेला त्या वर्षी पैशाची चणचण होती, आणि हीच कंपनी देणगी देईल असं आमचं बोलणं चाललं होतं.

फलाटावर मी हे मैत्रिणीला सांगितलं. खरं तर मी जरा अभिमानानेच सांगत होते, की बघ, मीसुद्धा तुमच्या इमारतीत येऊन गेले. तिने एकच प्रश्न विचारला. "सही करायच्या आधी तू तिच्याशी एकटीशी बोललीस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग तू बाहेरची कशी? तू त्यांच्या आतलीच होतीस. आम्ही तक्रार करत नाही म्हणून तुम्ही भाषणं करता. तक्रार केली तर समोर तू बसलेली असतेस."

गाडी आली आणि ती गेली. मला त्या रात्री झोप लागली नाही. ती रागाने बोलली, पण तिच्या बोलण्यात खोट नव्हती. कायदा म्हणतो, समेट हवा असेल तर तो त्या बाईच्या मागणीवरूनच व्हावा, आणि पैसे देऊन तर करूच नये. कायदा म्हणतो, चौकशी नव्वद दिवसांत पुरी करा. कायदा म्हणतो, तिने मागितलं तर चौकशी चालू असताना तिची बदली करा किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा द्या. हे सगळं माझ्या पाठ होतं, मी यावर शिबिरं घेत होते. पण त्या खोलीत यातलं काहीही मी विचारलं नाही. गोव्यातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की दहा वर्षांनंतरही या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत. आपण ते वाचून सरकारला आणि मालकांना नावं ठेवली. त्या त्रुटींत माझी सहीसुद्धा आहे, हे मला मैत्रिणीने दाखवलं.

आणखी एक गोष्ट ती बोलली होती, तीही सांगायला हवी. तिच्या मजल्यावर साफसफाई करणाऱ्या मावशी परभणीकडच्या आहेत. ठेकेदाराकडून आलेल्या. त्यांना कंपनीच्या कँटीनमध्ये बसता येत नाही, जिन्याखाली डबा खातात. भिंतीवर तक्रार समितीची चौकट लावलेली आहे. मावशी ती काच रोज पुसतात. त्यांना मराठी वाचता येतं, पण पाटी इंग्रजीत आहे. कायद्याने ठेकेदाराकडून आलेली बाईसुद्धा त्या समितीकडे तक्रार करू शकते. हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. आपल्या भागातून पुण्याला दोन्ही बायका जातात, एक कॉम्प्युटरवर बसायला आणि एक फरशी पुसायला. आपण पहिलीचा सत्कार करतो. दुसरी कुठे गेली याची नोंदही आपल्याकडे नसते.

तेव्हा करायचं काय? मला पाच गोष्टी सुचतात, तुम्ही भर घाला.

एक. आपल्या संघटनांतल्या ज्या ज्या बायका कुठल्या कंपनीच्या, बँकेच्या, कॉलेजच्या, कारखान्याच्या समितीवर बाहेरच्या सदस्य आहेत, त्यांनी दर तीन महिन्यांनी एकत्र बसावं. प्रकरणं सांगायची नाहीत, नावं सांगायची नाहीत. आपण काय विचारलं आणि काय विचारायला कचरलो, एवढंच एकमेकींना सांगायचं.

दोन. तक्रार करणाऱ्या बाईशी एकटीशी बोलल्याशिवाय, आणि कागद नीट वाचून झाल्याशिवाय, सही करायची नाही. कागद मराठीत हवे असतील तर मागायचे. लाज वाटू द्यायची नाही.

तीन. ज्या कंपनीच्या समितीवर आपण बसतो, तिच्याकडून संस्थेसाठी देणगी घ्यायची नाही. हे कठीण आहे, मला माहीत आहे. पण दोन्ही होत नाही.

चार. पाटी मराठीतही लावा, आणि ठेकेदाराच्या बायकांना बोलावून सांगा, हा आग्रह पहिल्याच बैठकीत धरायचा.

पाच. इथलं काम. इथे दहापेक्षा कमी माणसांची दुकानं आहेत, अडत्यांच्या पेढ्या आहेत, दवाखाने आहेत, घरकाम करणाऱ्या बायका आहेत. त्यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि तालुक्याला तक्रार घेणारा एक अधिकारी नेमायचा असतो. तो कोण, हे आज इथे बसलेल्या किती जणींना ठाऊक आहे? हात वर करा. बघा, एकही नाही. मलाही माहीत नाही. तेव्हा पुढच्या आठवड्यात आपण सगळ्या मिळून गंगापूरला तहसील कचेरीत जाऊ आणि विचारून येऊ. दुसऱ्याच्या काचेच्या इमारतीला नावं ठेवण्याआधी एवढं तरी करू.

आता मावशी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पोरीला धाडा. तिथे वाईट आहे म्हणून तिला घरी बसवलं, तर घरी सगळं चांगलंच आहे असं होत नाही, हे तुम्हाला-मला दोघींनाही माहीत आहे. तिच्या हातात स्वतःचा पगार येऊ द्या. पण जाताना तिला तीन गोष्टी सांगून धाडा. तू तिथे कामाला चालली आहेस, दुसऱ्या सासरी नाही, तेव्हा 'आम्ही एक कुटुंब' असं कुणी म्हटलं तर त्याला भुलू नकोस. काही घडलं तर तारीख-वार लिहून ठेव, तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची, ती तुम्हीच सांगायची: काहीही झालं तरी तू घरी सांग, आम्ही तुला नोकरी सोडून ये म्हणणार नाही. मुली गप्प बसतात त्या पुष्कळदा साहेबाच्या भीतीने नाही, सांगितलं तर आई-बाप परत बोलावतील या भीतीने.

मी त्या समितीचा राजीनामा दिला नाही. मुदत तीन वर्षांची होती, ती संपेपर्यंत मी बसले. शेवटच्या वर्षी विचारायला लागले, तर बैठका सव्वा तासाच्या तीन-तीन तासांच्या झाल्या. मुदत संपल्यावर मला पुन्हा बोलावलं नाही. मैत्रिणीला फोन करून सांगितलं, तर म्हणाली, "आता झालीस तू बाहेरची."

आता तुम्ही बोला. मी ऐकते.